खंडेनवमीचे स्केट्स

मिनेसोटाच्या उत्तरेला, नकाशावर कॅनडाची रेघ दिसायला लागते तिथे, बर्च फॉल्स नावाचं एक गाव आहे. फॉल्स म्हणावा असा धबधबा तिथे नाही. बर्चची झाडं आहेत, एक पेट्रोल पंप, दोन चर्च, तीन बार आणि बर्फाच्या हॉकीचं एक बंदिस्त मैदान आहे. मागच्या सप्टेंबरपासून मार्चपर्यंत मी या गावाला चौदा वेळा गेले. लग्नानंतर इतक्या वेळा मी माहेरी नागपूरलासुद्धा गेलेली नाही. तेव्हा तिथे जायची हौस कुणाला असेल, किंवा पोटच्या पोराने ती वेळ कुणावर आणली असेल, त्यांनी हे वाचावं आणि गाडीच्या डिकीत बर्फ उपसायला एक फावडं टाकून ठेवावं.

सगळं सुरू झालं खाली दक्षिणेला, ईडन प्रेरीतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर. आमचा एकुलता एक मिहिर, शाळेचं शेवटचं वर्ष संपत आलेलं, युनिव्हर्सिटीत इंजिनीअरिंगची सीट हातात. मी पेढ्यांसाठी खवा आणून ठेवला होता. आणि हा वरणभात कालवता कालवता म्हणाला, "आई, मला एक वर्ष डिफर करायचंय. आय वाँट टू प्ले ज्युनिअर्स."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. डिफर म्हणजे कॉलेजची सीट राखून वर्षभर पुढे ढकलणं. शाळा संपलेली पोरं एखाद्या लहान गावाच्या संघातून वर्ष-दोन वर्षं हॉकी खेळतात, त्याला ज्युनिअर्स म्हणतात. राहायचं त्या गावातल्याच कुणाच्या तरी घरी. आठवड्याला दोन मॅचेस, बाकी दिवस सराव, आणि डोळे लागलेले असतात ते एखाद्या कॉलेजच्या कोचकडे. त्याने येऊन बघावं आणि बोलावून घ्यावं. बहुतेकांना बोलावणं येत नाही. आणि आमच्या नात्यागोत्यात 'वर्ष वाया जाणं' हा दुखण्याचा प्रकार आहे. लोक आवाज उतरवून चौकशी करतात.

माझा नवरा संजय पुण्याचा, त्यामुळे घरातले तंटे तो लेखी मिटवतो. त्याने कागद आणला आणि करार लिहिला. मिहिरला एक मोसम. मार्च संपेपर्यंत एकाही कॉलेजच्या कोचचा फोन आला नाही, तर सगळं सामान गॅरेजच्या माळ्यावर आणि पोरगा इंजिनीअरिंगला, कुरकुर न करता. तिघांनी सह्या केल्या. मी तर जरा जास्तच पटकन केली, कारण माझी मनातली योजना तयार होती. मिहिर गोलकीपर. संघात गोलकीपर असतात तीन आणि खेळतो एक. बाकीचे दोघे बाकावर बसून पाणी पितात. मी गजाननाला सांगून ठेवलं, बाबा, मोठं काही मागत नाही, याला फक्त बाकावर बसव. कंटाळून नाताळपर्यंत आपणच घरी येईल.

सप्टेंबरात आम्ही तिघं त्याला पोचवायला निघालो. रस्ता सोपा आहे. पस्तीस नंबरचा हायवे धरायचा आणि डलूथपर्यंत तो सोडायचा नाही. वाटेत हिंक्लीला थांबायचं, कारण सगळेच थांबतात. तिथला कॅरमेल रोल आपल्या पुरणपोळीच्या ताटाएवढा असतो, एक घेतला तर तिघांना पुरतो. डलूथच्या अलीकडे रस्ता टेकडीवरून एकदम खाली उतरतो आणि समोर लेक सुपीरिअर येतं, पलीकडचा काठ न दिसणारं. संजय तिथे प्रत्येक वेळी "वा" म्हणतो. पुढे त्रेपन्न नंबरने दीड तास. डलूथलाच टाकी भरून घ्या. पुढे पंप कमी, हरणं जास्त, आणि फोनला रेंज हरणांच्या मर्जीवर.

मिहिरची राहायची सोय कॅरलकडे होती. कॅरलने आयुष्यभर शाळेची बस चालवली, आता एकटी राहते आणि दर वर्षी संघातला एक मुलगा घरी ठेवून घेते. साठीतली बाई, आवाज कंडक्टरचा, शब्द मोजके. मी तिला मिहिरचं सगळं समजावून सांगितलं. त्याला सर्दी लवकर होते, तो दूध नुसतं पीत नाही, सकाळी उठवावं लागतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्याकडे आतापर्यंत अकरा राहिले. सगळे जिवंत आहेत."

संघाचं नाव ऑटर्स, म्हणजे पाणमांजरं. आणि हॉकीत आडनावाला शेपूट लावून टोपणनाव करायची पद्धत आहे, ती पाणमांजरांनी पहिल्याच दिवशी पाळली. कुलकर्णीचं झालं कुली. आमच्या सात पिढ्यांनी गावाची दप्तरं सांभाळली आणि आठव्या पिढीचा कुली झाला. सासूबाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही.

आता त्या दिवसाकडे येते, ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसले.

माझ्या बाबांचं नागपुरात सायकलींचं दुकान होतं. खंडेनवमीला दुकानातले पाने, पंप, पंक्चरचं घमेलंसुद्धा पुजलं जायचं, आणि दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. ज्याच्यावर आपलं चालतं त्याला एक दिवस विसावा, असं बाबा म्हणायचे. ईडन प्रेरीत आमचं देवघर खालच्या ऑफिस-रूममधल्या कपाटात आहे. तिथे दर खंडेनवमीला संजयचा जुना लॅपटॉप, माझी विळी आणि गाडीची किल्ली मांडली जाते. नवा लॅपटॉप मांडत नाही, त्याला मीटिंग असते.

या वर्षी बुधवारी मिहिर घरी आला होता. संघाला दोन दिवस सुट्टी होती आणि टायलर नावाचा त्याचा अलास्काचा सोबती त्याला गाडीतून घेऊन आला होता. गुरुवारी सकाळी दोघं घोरत पडले असताना मी पूजा मांडली आणि मनात आलं, पोराचं हत्यार राहिलंच की. त्याच्या बॅगेतून स्केट्स काढले. वासाबद्दल देवाची आधी माफी मागितली. दोन्हींच्या टोकांवर हळदकुंकू लावलं, लेसमध्ये झेंडूचं एकेक फूल खोचलं आणि ते विळीशेजारी ठेवून दिले.

शुक्रवारी दसरा. सकाळी सहाला दोघं निघाले, कारण संध्याकाळी बर्च फॉल्सला मॅच होती. मॅच साधी नव्हती. विस्कॉन्सिनच्या एका कॉलेजचा कोच बघायला येणार होता, आणि ऑटर्सच्या कोचने मिहिरला सांगून ठेवलं होतं, शुक्रवारी गोलमध्ये तू. हे मला माहीत होतं. मी दोघांच्या हातावर दही-साखर ठेवली. टायलरने हात पुन्हा पुढे केला. मिहिरला म्हटलं, "देवाला नमस्कार कर आणि निघ." तो ऑफिस-रूममध्ये गेला आणि दोन सेकंदांत बाहेर आला. हात जोडले की नुसती मान हलवली, देव जाणे. गाडी गेली.

साडेआठला उत्तरपूजा करायला बसले. लॅपटॉप उचलला, विळी उचलली, किल्ली उचलली. मग स्केट्स. 

कुणाचेही स्केट्स घालून चालतं असं वाटत असेल तर तसं नाही. गोलकीपरचे वेगळे असतात आणि मिहिरचा पाय तेरा नंबरचा. त्या मापाचे बर्च फॉल्समध्ये कुणाकडे नव्हते. मी फोन लावला. उचलला नाही. सात वेळा लावला. मग संजयला लावला, तो ऑफिसच्या कामाला शिकागोला गेला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसत विचारलं, "मुद्दाम नाही ना केलंस?"

तो थट्टेत म्हणाला. पण मला हसू आलं नाही. स्केट्स बॅगेत परत ठेवायचे हे गुरुवारी रात्री झोपताना माझ्या डोक्यात होतं. सकाळी पुऱ्या तळताना नव्हतं. मधल्या वेळात ते कुठे गेलं? महिनाभर मी देवापाशी काय मागत होते ते मला माहीत होतं आणि देवालाही माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात त्या दिवशी पाच दिवस आधीच कोजागिरी उजाडली.

ऑफिसला कळवलं की घरात अडचण आहे, आणि धीर गोळा करून अकराला निघाले. सांगायचं म्हणजे तोपर्यंत मी हायवेवर एकटीने ईडन प्रेरी ते इंडियन स्टोअर एवढीच मजल मारली होती. लेन बदलायची तर मी दोन मैल आधी मनाची तयारी करते. शेजारच्या सीटवर स्केट्स ठेवले आणि त्यांना पट्टा लावला, फुलांसकट. हिंक्लीला थांबले, पण रोल अर्धाच टाकून निघाले. डलूथच्या उतारावर समोर तळं आलं तेव्हा "वा" म्हणायला संजय नव्हता, आणि दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले. बाजूने ट्रक जायचा तेव्हा मी श्वास धरून ठेवायची. सीमोल्लंघन म्हणतात ते मी बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा खरोखरचं केलं.

त्रेपन्न नंबरवर एका विश्रांतीच्या जागी पाय मोकळे करायला उतरले. खाली बर्चच्या पानांचा सडा पडला होता, पिवळाजर्द. आपटा तिथे कुठला मिळायला. मूठभर पानं उचलून पर्समध्ये घातली.

पाच वाजून दहा मिनिटांनी हॉकीच्या अरीनाच्या मागच्या दारात पोचले. मिहिर भिंतीला टेकून मोज्यांवर बसला होता. मला बघून उठला आणि नुसता बघत राहिला. आनंद झाला असं काही त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं नाही. मी ते टेन्शनच्या खात्यावर टाकलं.

"तू ड्राइव्ह केलंस? एकटीने?"

"नाही, गजाननाने स्टिअरिंग धरलं होतं. घाल ते लवकर."

त्याने स्केट्स हातात घेतले. कॅरल मागून आली, वाकून बघितलं आणि मला विचारलं, "हे सांडलंय की लावलंय?"

"लावलंय."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. मी तिच्या हातात बर्चचं पान ठेवलं आणि सांगितलं की आज हे सोनं असतं. तिने ते घडी न घालता पाकिटात ठेवलं. आत नोटा दुमडलेल्या होत्या, पान मात्र सरळ.

मॅच आम्ही दोन विरुद्ध सहा अशी हरलो. मॅचचे तीन भाग असतात, त्यांना पिरिअड म्हणतात. सहाच्या सहा गोल मिहिरने पहिल्या दोन पिरिअडमध्ये खाल्ले. विस्कॉन्सिनचा कोच तपकिरी टोपी घालून माझ्यापुढे चार रांगा सोडून बसला होता. तिसरा पिरिअड सुरू झाला तेव्हा त्याची जागा रिकामी होती. मला वाटलं होतं, असं काही झालं की मला सुटल्यासारखं होईल. मी तिथे बसून रडले. कॅरलने काही न विचारता आपल्या मांडीवरचं पांघरूण माझ्या गुडघ्यांवर ओढलं.

मी थांबले होते, शनिवारी परत मॅच होती. पहिल्या गोलकीपरचं पोट बिघडलं होतं म्हणून पुन्हा मिहिर. आणि हे लोक तीन-एक जिंकले. त्यावर पाणमांजरांनी खोलीत बसून शास्त्र ठरवलं की हळदीचा गुण आहे, फक्त ती लोणच्यासारखी मुरायला एक रात्र लागते. दुसऱ्या दिवशी टायलर माझ्यापुढे आपले स्केट्स घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅम, माझ्यावर पण ते पिवळं." हॉकीवाल्यांइतकं अंधश्रद्धाळू माणूस मी आमच्या आळीतसुद्धा पाहिलेलं नाही. एक जण मोसमभर दाढी करत नाही, एक जण डावा मोजा आधी घालतो, एकाने सप्टेंबरपासून एक बनियन धुतलेलं नव्हतं. त्यांना माझी हळद स्वच्छ वाटली असणार.

तिथून माझ्या वाऱ्या सुरू झाल्या. ऑफिसात आणि घरी मी सांगायचे, मुलं हळदीसाठी थांबलेली असतात. खरं कारण माझं मलाच ठाऊक होतं. मी प्रायश्चित्त घेत होते. दिवसभर स्केट्सच्या घोरात राहिलेल्या मिहिरची संधी माझ्या हातून गेली होती आणि ते मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याने कधी विचारलंही नाही, आणि त्याचं न विचारणं मला जास्त टोचायचं.

तेव्हा प्रायश्चित्ताच्या अनुभवातून काही उपयुक्त गोष्टी सांगते. तिकीट आठ डॉलर, सिनेमापेक्षा स्वस्त आणि मारामारी खरी. बसायला उशी न्या, कारण बाकाचा गारठा कण्यातून वर चढतो. आतली थंडी बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे जानेवारीत बाहेर उणे पंचवीस असेल तर आत बसलेल्या माणसाला गरम होतंय असा भास होतो. मोटेल एकच आहे, शंभर डॉलरच्या आत मिळतं, पण वीकएंडला समोरच्या संघाचे आई-बाप ते भरून टाकतात. नंतर नंतर कॅरलने मला जिन्याखालची खोलीच दिली. थर्मासमध्ये चहा न्या, आल्याचा. तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या तर जास्तीच्या न्या. पहिल्या पिरिअडनंतर त्या तुमच्या राहत नाहीत.

कॅरल दर शुक्रवारी हॉटडिश करायची. खाली खिमा नाहीतर माझ्यासाठी घेवड्याच्या शेंगा, मध्ये डब्यातलं मशरूमचं सूप, वर बटाट्याचे तळलेले गोळे, आणि सगळं भट्टीत. मीठ आहे, तिखटाचा विचारसुद्धा नाही. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा म्हटलं छान आहे, आणि ती चूक मला पाच महिने पुरली. जानेवारीत धीर करून पर्समधून लाल तिखट काढलं. कॅरलने बघितलं, पुढच्या शुक्रवारी स्वतःच्या ताटात थोडं घातलं, पाणी प्यायली, आणि पुन्हा घातलं.

एक प्रकार मात्र चुकवू नका. तिथल्या बारमध्ये शनिवारी दुपारी मांसाची सोडत निघते. खरंच. एक डॉलरची चिठ्ठी घ्यायची, चाक फिरतं, आणि नंबर लागला की मांसाचं तबक. पैसे जातात पोरांच्या हॉकीला. आयुष्यात मला सोसायटीच्या गणपतीत स्टीलची वाटीसुद्धा लागली नव्हती. आणि इथे जन्माने शाकाहारी कुलकर्णी बाईला पहिल्याच चिठ्ठीत दहा पौंड डुकराच्या चॉप्स लागल्या. अख्ख्या बारने टाळ्या वाजवल्या. मी तबक दोन्ही हातांत धरून उभी, हळदीकुंकवाला वाण धरतात तशी. संजयला फोटो पाठवला तर त्याचं उत्तर आलं, "आईला फॉरवर्ड करू का?" शेवटी कॅरलने त्या घेतल्या आणि मला बदली पिशवीभर जंगली तांदूळ दिला. त्याची खिचडी चांगली होते, फक्त पाऊण तास शिजवा.

या सगळ्यात माझं काय झालं ते मला नीट कळलं नाही. फेब्रुवारीतल्या एका मॅचला मिहिरच्या अंगावर समोरचा धिप्पाड पोरगा येऊन आदळला आणि पंचाने शिट्टी वाजवली नाही. मी उभी राहून ओरडले, "डोळे फुटले काय रे बाप्पा तुझे? काय पाहून राहिला तिकडे?" पुढच्या चार रांगा वळून बघायला लागल्या. कॅरलने विचारलं, "भाषांतर?"

"मी म्हटलं, पंच फार सज्जन आहेत."

"मलाही तसंच वाटलं," कॅरल म्हणाली, आणि पुढच्या वेळी माझ्याबरोबर तीही उभी राहिली.

तोपर्यंत मिहिर पहिला गोलकीपर झाला होता. तो गुडघे टेकून सरकत पकच्या, त्या रबरी चकतीच्या, आड यायचा तेव्हा मला माझ्या पोराचं असं काहीतरी दिसायचं जे घरी कधी दिसलं नव्हतं. घरी तो दहा हाका मारल्याशिवाय उठत नाही. तिथे त्याला कुणी हाक मारावी लागत नव्हती. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि त्याच क्षणी देवघरासमोरचे ते स्केट्स आठवायचे.

मार्चच्या मध्यावर ऑटर्स प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत हरले. अठरा-एकोणीस वर्षांची दाढीवाली पोरं बर्फावर एकमेकांच्या गळ्यात पडून रडली, मग रांगेत उभं राहून समोरच्या प्रत्येकाशी हात मिळवले. कॉलेजचा फोन आला नव्हता. तो महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत आला नाही. त्या दिवशी मी त्याला सामानासकट आणायला गेले, पुन्हा एकटी. आता लेन मी आरशात बघून बदलते.

आम्ही कॅरलच्या स्वयंपाकघरात खोकी बांधत होतो तेव्हा त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर. हात भरलेले म्हणून त्याने स्पीकर लावला. विस्कॉन्सिनचा तोच कोच होता.

"ऑक्टोबरमध्ये तुला बघितलं होतं," तो म्हणाला. "दोन पिरिअडमध्ये सहा गोल खाल्लेस. तिसऱ्याला मी खाली येऊन तुझ्या मागच्या काचेला उभा राहिलो. मला बघायचं होतं, सहा खाल्लेला मुलगा करतो काय. तू पाणी प्यायलास आणि एकही सोडला नाहीस. त्यानंतर मोसमभर तुझे व्हिडिओ बघितले. माझ्याकडे तिसऱ्या गोलकीपरची जागा आहे. खोटं सांगत नाही, बहुतेक वेळ बाकावर बसशील. विचार करून सांग."

"तिसऱ्या?" मी म्हणाले. कॅरलने मला कोपर मारलं.

मिहिर फोन ठेवून खोक्यावरच बसला. संजयला कळवलं तर त्याने दहा मिनिटांत उलट फोन करून सांगितलं की त्या कॉलेजात इंजिनीअरिंग आहे, आणि करारात पहिला की तिसरा असं काही लिहिलेलं नाही. निघताना कॅरलने मिहिरला मिठी मारली आणि मला म्हणाली, "बारा. जिवंत." पाकिटातलं पान तिने मला दाखवलं. ते तपकिरी पडलं होतं, पण सरळ होतं.

डलूथ मागे पडल्यावर मी गाडी चालवता चालवता बोलायला सुरुवात केली. समोर रस्ता असला की अवघड गोष्ट बोलता येते.

"मिहिर, दसऱ्याचे ते स्केट्स. मी विसरले की मी मुद्दाम विसरले, मला अजून कळलेलं नाही. तू घरी परत यावंस असं मला वाटत होतं. तू बाकावर बसावंस म्हणून मी देवाला सांगितलं होतं. सॉरी, बाळा."

त्याने मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाला, "आई, आय सॉ देम."

"काय?"

"स्केट्स. तू म्हणालीस ना देवाला नमस्कार कर. दे वेअर राइट देअर. फुलं, कुंकू, एव्हरीथिंग."

"मग उचलले का नाहीस?"

"आय वॉज स्केअर्ड. तो कोच येणार होता. मला वाटलं, स्केट्सच नसतील तर मी वाईट खेळलो असं कुणी म्हणू शकणार नाही." मग तो पुढे म्हणाला, "तुझा फोन पण वाजत होता. टायलर म्हणाला उचल. आय लेट इट रिंग."

मी मधली लेन सोडून कडेची धरली.

"अँड देन यू शोड अप," तो म्हणाला. "तू. तुला तर इंडियन स्टोअरला जाताना पण बाबा लागतो. स्केट्सना सीट बेल्ट लावून घेऊन आलीस. मग मला खेळावंच लागलं ना."

हिंक्ली आलं होतं. मी गाडी आत घेतली आणि बंद केली. राग यायला हवा होता. पाच महिने मी स्वतःला खात होते आणि हा गप्प होता. पण राग आला नाही. त्या सकाळी आम्ही दोघं एकाच कपाटासमोरून गेलो होतो आणि दोघंही घाबरलो होतो, आणि एकमेकांना सांगितलं नव्हतं. मी त्याच्या केसांतून हात फिरवला. त्याने चक्क फिरवू दिला.

"म्हणजे एवढं हॉटडिश मी फुकट खाल्लं?" मी म्हणाले.

तो हसायला लागला. मग मीही. शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्या जोडप्याने काच खाली करून सगळं ठीक आहे ना विचारलं, इतकं. आम्ही आत गेलो आणि दोघांत दोन रोल घेतले. पूर्ण संपवले.

आता घरी येऊन महिना झाला. करार संजयने फ्रिजवरून काढून फाइलला लावला. मिहिरने कॉलेजला हो कळवलं, बॅग गॅरेजच्या माळ्याऐवजी खाली दाराशीच आहे आणि तिचा वास घरभर आहे. स्केट्सच्या टोकांवर हळदीचा डाग पक्का बसलाय. मी घासायला घेतले तर तो म्हणाला, राहू दे.

ते कॉलेज इथून पाच तास आहे. रस्ता मी बघून ठेवलाय, वाटेत मोठा पूल लागतो, पण जमेल. राहिला प्रश्न बाकाचा. मागच्या वर्षी मी गजाननाकडे जे मागितलं होतं ते त्याने वर्षभर उशिरा, पण तंतोतंत दिलं. त्याच्याबद्दल तक्रार कशी करणार? म्हणून सध्या सकाळी दिवा लावताना मी दुसरं मागते. त्या कॉलेजच्या पहिल्या दोन गोलकीपरना, त्यांच्या आयांचा मान राखून, थोडी सर्दी होऊ दे. फार नको. एका शनिवारपुरती.